आमच्याच कॅसेटवरची मनाई

प्रति,
मा. हक्क नोंदणी अधिकारी साहेब,
चित्रफीत व ध्वनिफीत शाखा,
दुसरा मजला, जिना चढून डावीकडे (चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी असेच सांगितले, चुकले असल्यास त्यांना विचारावे)

विषय: आमच्या घरच्या कॅसेटची नक्कल करण्यास आम्हीच विकत आणलेले यंत्र मनाई करते, ती मनाई उठवून मिळणेबाबत.

संदर्भ: १) सदर यंत्राने टीव्हीच्या पडद्यावर दिलेली सूचना.
२) दुकानातल्या टायवाल्याने माझ्या तोंडावर दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. सविनय अर्ज करते की मी चौथी शिकलेली बाई आहे, पण अर्ज लिहिणे मला नवीन नाही. आमचे हे बसचालक होते. त्यांचे रजेचे सगळे अर्ज मी लिहिलेले आहेत, कारण ह्यांचा हात स्टिअरिंगवर बसलेला, कागदावर नव्हे. माझ्या हातचा एकही अर्ज डेपोने परत पाठवला नाही. एकदा तर ह्यांना साधी सर्दी झाली होती, आणि माझा अर्ज वाचून डेपोचे साहेब घरी भेटायला आले. तरी आपणही हा अर्ज सबंध वाचावा. वरचा विषय वाचून खाली शेरा मारण्याची पद्धत मला ठाऊक आहे.

२. मागच्या वर्षी ह्यांना झटका आला आणि ह्यांची वाचा गेली. कान शाबूत आहेत, डोके शाबूत आहे, राग तर पहिल्यापेक्षा चांगला येतो. फक्त बोलता येत नाही. हवे-नको ते चमच्याने सांगतात. खुर्चीच्या हातावर एकदा ठोकले म्हणजे हो, दोनदा ठोकले म्हणजे पुन्हा, आणि ठोकतच राहिले म्हणजे मी गप्प बसावे. तिसऱ्या खुणेकडे मी लक्ष देत नाही.

३. ह्यांचा आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे. ते ठिकाण म्हणजे एक कॅसेट. ह्यांच्या निवृत्तीच्या दिवशी डेपोत समारंभ झाला, तो माझ्या धाकट्या दिरांनी कॅमेऱ्याने टिपला आणि नंतर आपल्या घरच्या व्हीसीआरवर ह्या कॅसेटवर उतरवून दिला. कॅमेऱ्यातली मूळ छोटी फीत त्यांनी पुढे मेहुण्याच्या लग्नाला पुन्हा वापरली. त्यामुळे आमचे जे काही आहे ते ह्या कॅसेटवर आहे, दुसरीकडे कुठे नाही. त्यात हे भाषण करतात. जन्मात केलेले पहिले भाषण. ‘मी आयुष्यभर समोर बघून गाडी चालवली. मागे कोण बसलंय ते बघायला सवड झाली नाही. जे सुखरूप उतरले त्यांना नमस्कार. ज्यांची बस माझ्यामुळे चुकली त्यांनी आता दुसरी पकडली असेल.’ एवढे बोलून हे खाली बसतात. लोक हसतात. रोज दुपारी चहाच्या आधी हे चमचा ठोकतात आणि मी ती कॅसेट लावते. हे डोळे मिटून स्वतःचे ऐकतात. भाषण संपले की एकदा ठोकतात. कधी दोनदा.

४. कॅसेट ही वस्तू, साहेब, झिजते. चित्र लाटा मारू लागले. ह्यांची टोपी एकीकडे आणि डोके दुसरीकडे सरकू लागले. आवाज तळघरातून आल्यासारखा झाला. सुनेने सांगितले, ‘आई, रोज लावलीत तर एक दिवस तुटेल. डीव्हीडीवर उतरवून घेऊ.’ सून प्रयोगशाळेत लोकांचे रक्त तपासते, तेव्हा ती शक्यतो मोघम बोलत नाही. म्हणून आम्ही डीव्हीडी रेकॉर्डर घ्यायला गेलो. मी म्हटले, एका कॅसेटसाठी एवढे मोठे यंत्र कशाला? पण दुकानातला टायवाला म्हणाला, ‘आजी, ह्या खाचेत कॅसेट घाला, ह्या खाचेत कोरी डीव्हीडी घाला, मधलं लाल बटण दाबा आणि जाऊन झोपा.’ मी त्याला म्हटले, दुपारी झोपायची सवय मला नाही आणि आजी तुझी घरी असेल. पण घरचा जुना व्हीसीआर बदल्यात देऊन यंत्र घेतले.

५. सदर यंत्र नादुरुस्त आहे असे माझे म्हणणे नाही. पहिल्याच दिवशी सुनेने सरावासाठी टीव्हीवरची एक मालिका त्यात भरून पाहिली. घेतली. हवामानाच्या बातम्या दिल्या. घेतल्या. एका बाईने चेहऱ्याला लावायच्या मलमाची तासभर जाहिरात केली, तीही घेतली, एक शब्द न गाळता. फक्त एकच फजिती झाली. मालिकेची डीव्हीडी मी शेजारणीला मोठ्या ऐटीत नेऊन दिली आणि तिच्या यंत्रात ती लागेना. काळा पडदा. शेजारीण म्हणाली, ‘छान आहे हो, शांत आहे.’ घरी आल्यावर सुनेने पुस्तिका वाचून सांगितले की सगळे भरून झाल्यावर शेवटचे एक बटण दाबून डीव्हीडी बंद करावी लागते. ते दाबले नाही तर ती ज्या यंत्रात भरली त्याच यंत्रात लागते, जगातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्राला दाद देत नाही. हे टायवाल्याने सांगायला हवे होते. त्याने फक्त झोपायला सांगितले.

६. त्यानंतर आमची कॅसेट घातली. लाल बटण दाबले. डेपोचे फाटक आले, बस आली, आणि लगेच सगळे थांबले. पडद्यावर अक्षरे आली. सुनेने वाचून दाखवले की, ‘ह्या चित्रणाचे हक्क राखीव आहेत. नक्कल करण्यास परवानगी नाही.’ पुन्हा लावले. पुन्हा तेच. बघायला देते, नक्कल करायला देत नाही. साहेब, जिच्याशी आमचा काही संबंध नाही अशा मालिकेची नक्कल करताना ह्या यंत्राला कोणाची आठवण झाली नाही. माझ्या नवऱ्याच्या बाबतीत मात्र त्याला कायदा आठवला.

७. मी यंत्र रिक्षात घालून दुकानात गेले. टायवाला म्हणाला, ‘मशीन एकदम बरोबर आहे. कॅसेटवर कोणाचा तरी हक्क आहे.’ मी विचारले, कोणाचा? म्हणाला, ‘ज्याने शूटिंग केलं त्याचा. त्याची परवानगी आणा, नाहीतर सरकारची.’ मी म्हटले, यंत्राला कसे कळले शूटिंग कोणी केले? म्हणाला, ‘हुशार मशीन आहे, आजी.’ मी म्हटले, मग हे ठेवून घे आणि मला एखादे मठ्ठ दे. तसे त्यांच्याकडे नाही म्हणे.

८. आता अडचण अशी की शूटिंग करणारे माझे धाकटे दीर, आणि त्यांच्याशी माझे बोलणे नाही. का नाही, ते आपल्या माहितीसाठी लिहिते, कारण ते ह्याच कॅसेटवर आहे. समारंभ ह्यांचा. व्यासपीठावर भिंतीवरचे घड्याळ देऊन सत्कार झाला, तेव्हा मलाही नाव घेऊन वर बोलावले. सबंध डेपोने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कॅसेटमध्ये आहेत. मी नाही. माझा फक्त कोपर आहे, चित्राच्या कडेला, घड्याळाचे खोके धरलेला. कारण त्या वेळी दिरांचा कॅमेरा माझ्या जाऊबाईंवर होता. त्याआधीही जाऊबाई भरपूर आहेत. काळा चष्मा लावलेल्या जाऊबाई, बसला टेकलेल्या जाऊबाई, बसच्या आरशात केस सारखे करणाऱ्या जाऊबाई. परक्या माणसाने पाहिले तर वाटेल की निवृत्त त्याच होत आहेत. मी दिरांना विचारले, ‘भाऊजी, मी कुठे आहे?’ तर म्हणाले, ‘आहात की वहिनी, कोपर दिसतोय ना!’ त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. तेव्हापासून कॅसेटमध्ये कोपर आला की मी रिमोट उचलून बंद करते. पुढचे मी पाहिलेले नाही, कोणाला पाहू दिलेले नाही, आणि पाहण्यासारखे काही असेल असे वाटलेही नाही. अशा माणसाकडे जाऊन, माझ्या नवऱ्याचा आवाज मला वापरू द्या हो, असे मी म्हणणार नाही. सून म्हणते, ‘आई, एक फोन तर करायचाय.’ तिला फोन दिसतो. मला कोपर दिसतो.

९. तरी सदर कॅसेटचा हक्क माझ्या नावे नोंदवावा. कारणे अशी:

(अ) ज्यांचे चित्रण आहे ते माझे पती आहेत. कोणाला शंका असल्यास ह्यांना विचारावे, हे एकदा ठोकतील.
(आ) शूटिंगच्या दिवशी दीर सकाळी माझ्या घरी जेवून निघाले, आणि दोनदा वाढून घेतले.
(इ) कॅमेऱ्याची पिशवी दिवसभर मी सांभाळली. जाऊबाईंच्या खांद्याला ती शोभत नव्हती.
(ई) बस डेपोची होती हे मान्य. डेपोला हक्क हवा असल्यास त्यांनी वेगळा अर्ज करावा. तो लिहून द्यायला माणूस लागल्यास मला कळवावे.
(उ) कोपर माझा आहे. त्यावर ह्यांच्या गणवेशाला इस्त्री करताना भाजल्याचा डाग आहे आणि तो कॅसेटमध्ये दिसतो. पडताळणीसाठी मी कोपरासह समक्ष हजर राहीन. मात्र बाही वर करताना समोर बाई कर्मचारी असावी.

१०. येथवर लिहिले आणि अर्ज बाजूला ठेवावा लागला. आता नवीन कागद घेऊन पहिल्यापासून लिहिणार नाही, कारण वरचे सगळे खरे आहे आणि चांगले उतरले आहे. झाले असे की ह्यांनी रोजच्या वेळी चमचा ठोकला. मी कॅसेट सदर यंत्रात लावली. फाटक आले, बस आली, आणि आतून काहीतरी चावल्यासारखा आवाज येऊन चित्र गेले. कॅसेट बाहेर निघेना. सुनेने झाकण उघडून पाहिले तर फितीचा गुंता, केसांचा फणीत अडकतो तसा. मी काय काय बोलले ते अर्जात घालण्याजोगे नाही. ह्यांनी मला गप्प करायला चमचा ठोकला नाही. ह्यांनी चमचा खुर्चीवरून उचलून स्टुलावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केले.

११. सुनेने मला न विचारता दिरांना फोन केला. ह्या घरात मला न विचारता झालेली ती पहिली गोष्ट. दीर घरातल्याच कपड्यांत आले, बगलेत टॉवेलात गुंडाळलेला त्यांचा जुना व्हीसीआर घेऊन. दारातून म्हणाले, ‘वहिनी, दार पूर्ण उघडा, जड आहे.’ इतक्या वर्षांनी एवढेच. वस्तू खरोखर जड होती म्हणून मी उघडले. मग त्यांनी चिमट्याने फीत सोडवली. चुरगळून गेलेला तुकडा कापावा लागला आणि उरलेली टोके बारीक चिकटपट्टीने जोडली. कापलेला तुकडा कुठला, तर जाऊबाईंचा, बसच्या आरशातला, जवळजवळ सगळा. यात माझा हात नाही, सून साक्षीदार आहे. यंत्राने आपल्या मनाने निवडला. त्या क्षणी मला त्या यंत्राविषयी पहिल्यांदा बरे वाटले. दिरांचा चेहरा उतरला, तेव्हा मी त्यांना चहा केला आणि साखर नेहमीइतकी घातली.

१२. चहा पिता पिता दीर म्हणाले की परवानगीचा मुळात प्रश्नच नव्हता. फीत झिजली की चित्र थरथरते, आणि बाजारातल्या सिनेमांच्या कॅसेटमध्ये नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम जो दोष घालतात, तो आणि हा थरथराट यंत्राला सारखाच दिसतो. म्हणजे यंत्र हुशार नव्हते. म्हातारपण ओळखता येत नव्हते, म्हणून आम्हाला चोर समजत होते. आणि कॅसेट ज्या व्हीसीआरवर भरली, त्याच्यावर ती सगळ्यांत स्वच्छ चालते, म्हणून ते आपला घेऊन आले. त्यांनी त्याच्या तारा आमच्या यंत्राला जोडल्या, कोरी डीव्हीडी घातली, लाल बटणावर बोट ठेवले आणि वळून मला म्हणाले, ‘तरीपण, वहिनी, जा, दिली परवानगी!’ आणि हसले. साहेब, ज्या परवानगीची गरज नव्हती हे स्वतःच सांगितले, तीच पुन्हा मला द्यायची! हे आता ते नातेवाइकांत सांगत फिरतील. तेव्हा ह्या अर्जाची गरज कमी झालेली नाही, वाढलेली आहे.

१३. चित्र स्वच्छ आले. ह्यांची टोपी डोक्यावर आली. मनाईची अक्षरे आली नाहीत. भाषण झाले. हे भिंतीकडून इकडे वळले. मग टाळ्या, मग कोपर. मी रिमोटसाठी हात पुढे केला, तर रिमोट दिरांच्या हातात, आणि त्यांना आमच्या घरचा नियम माहीत नाही. कॅसेट पुढे चालली. दिरांनी त्या दिवशी कॅमेरा बंद न करताच बसच्या पायरीवर ठेवून दिला होता आणि ते बहुधा जाऊबाईंना शोधायला गेले होते. त्यामुळे चित्रात फक्त जमीन होती. जमिनीवर ह्यांचे काळे बूट आले. त्यांच्याशेजारी माझ्या नव्या चपला आल्या. मग ह्यांचा आवाज, भाषणातला नव्हे, घरातला: ‘चावतेय का गं चप्पल? मघापासून लंगडतेस.’ मग माझा: ‘गप्प बसा, लोक आहेत.’ ‘काढून टाक. कोण बघतंय?’ ‘तुमचा भाऊ बघतोय कॅमेऱ्यातून.’ ‘तो त्याच्या बायकोशिवाय काही बघत नाही. काढ.’ आणि हे हसले. ह्यांचे हसणे भाषणात नाही. भाषणात लोक हसतात. हे फक्त तिथे हसतात. मग माझी एक चप्पल निघते, मग दुसरी, आणि ह्यांचा हात खाली येऊन दोन्ही उचलतो. त्यापुढे हे मला जे बोलले ते ह्या अर्जात लिहिणार नाही. अर्ज कारकुनाच्या हातून वर जातो हे मला माहीत आहे.

१४. सून खिडकीतून बाहेर पाहू लागली. दीर स्वतःच्याच तारांकडे असे बघत राहिले जणू त्या दुसऱ्या कोणी जोडल्या होत्या. ह्यांनी हात लांब करून स्टुलावरचा चमचा घेतला आणि खुर्चीवर दोनदा ठोकला.

१५. तरी मेहेरबान साहेबांस विनंती की,

(क) कोपरापर्यंतच्या भागाची परवानगी माझ्या नावे द्यावी, आणि ती मागच्या तारखेची असावी, म्हणजे दिरांनी तोंडी दिली त्याच्या आदली. सदर भागाची वेगळी डीव्हीडी शेवटचे बटण दाबून रीतसर बंद केलेली आहे. ती दिरांना दिली, डेपोलाही देणार आहे. जाऊबाईंचा आरशाखेरीजचा सगळा भाग तीत आहे, मी एक इंचही वगळलेला नाही.

(ख) बूट आणि चपलांच्या भागाला मात्र आपण मनाई करावी. विषयात लिहिले आहे त्याच्या हे उलटे आहे, हे मला दिसते. विषय मी आधी लिहिला होता. सदर भागाची नक्कल कोणालाही करू देऊ नये, शूटिंग करणाऱ्यालाही नाही. तसेही ते त्यांनी केलेले नाही. ते कॅमेऱ्याने एकट्याने केले.

(ग) आपल्या नियमांत अशी मनाई बसत नसल्यास तसे न कळवले तरी चालेल, कारण तेवढी माझी मी केलेली आहे. सबंध कॅसेटची जी दुसरी डीव्हीडी केली, तिचे शेवटचे बटण मी दाबलेले नाही. सून म्हणाली, ‘आई, बंद केली नाही तर ही आपल्या मशीनशिवाय कुठेच लागणार नाही.’ मी म्हटले, लागू नये.

अर्ज येथे संपवते. लिहिण्यासारखे अजून आहे, पण मघापासून चमचा वाजतो आहे, दोनदा दोनदा.

कळावे, आणि कळल्याचे लेखी कळवावे.

आपली,
नम्रपणा जमेल तितका राखून,
निवृत्त बसचालकांची पत्नी, कोपराची मालकीण
(सही स्वतःची, अंगठा नव्हे)

दिनांक: अर्ज सुरू केला गुरुवारी, पुरा झाला मंगळवारी. आपल्याला सोयीचा तो धरावा.

सोबत जोडले आहे:
१. पडद्यावरच्या मनाईचा फोटो, सुनेने काढलेला. कडेला दिसते ते ह्यांचे गुडघे.
२. कोपराचा फोटो, डागासह. काम झाल्यावर परत पाठवावा.
३. कापलेला फितीचा तुकडा, पाकिटात. यावर जाऊबाई आहेत. हा परत पाठवण्याची घाई नाही.